वाचकांचे प्रश्न : वनस्पतींमधून विकरे शुद्ध करताना

वनस्पतींच्या ऊतींमधून विकरे, म्हणजेच एन्झाइम, वेगळी काढून शुद्ध करण्याविषयी आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत. बहुतेक पत्रे पदव्युत्तर विद्यार्थ्यांची आणि नव्याने संशोधनाला लागलेल्यांची आहेत, काही शिक्षकांचीही आहेत. कोणता कॉलम (प्रथिने वेगळी करणारी, दाण्यांनी भरलेली नळी) घ्यावा, ही विचारणा सर्वाधिक आहे. आमचे मत मात्र असे आहे की वनस्पतींच्या बाबतीत कामाचा निकाल कॉलमपर्यंत पोहोचण्यापूर्वीच, ऊती वाटल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात, बव्हंशी लागलेला असतो. म्हणून उत्तरांमध्येही त्या अर्ध्या तासाला जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : बटाटा बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) वाटला की काही मिनिटांत रस तांबूस आणि मग तपकिरी होतो. सर्व काम बर्फात ठेवूनही दुसऱ्या दिवशी पेरॉक्सिडेजची (हायड्रोजन पेरॉक्साइडच्या मदतीने ऑक्सिडीकरण करणाऱ्या विकराची) क्रियाशीलता निम्म्याहून कमी भरते. असे का होते आणि त्यावर उपाय काय?

उत्तर : अखंड पेशीत फिनॉल वर्गातील संयुगे प्रामुख्याने रिक्तिकेत कोंडलेली असतात आणि त्यांचे ऑक्सिडीकरण करणारे पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे विकर लवकांमध्ये असते. ऊती वाटताच हे दोन्ही एकत्र येतात, हवेतील ऑक्सिजन त्यात मिसळतो आणि फिनॉलपासून क्विनोन तयार होतात. क्विनोन अतिशय क्रियाशील असल्यामुळे ते प्रथिनांच्या लायसीनमधील अमिनो गटांशी आणि सिस्टीनमधील थायॉल गटांशी सहसंयुज बंधाने कायमचे जोडले जातात. आपल्याला दिसणारा तपकिरी रंग हा या घटनेचा उत्तरार्ध आहे. तो दिसेपर्यंत आपल्या विकराच्या बऱ्याच रेणूंना इजा झालेली असते आणि पुढची कोणतीही पायरी ती भरून काढू शकत नाही. थंडाव्यामुळे हा वेग कमी होतो, पण थांबत नाही.

म्हणून संरक्षक द्रव्ये वाटण्याच्या बफरमध्ये आधीपासूनच असली पाहिजेत, रस तयार झाल्यावर ती टाकून फारसा उपयोग होत नाही. सर्वांत भरवशाचे द्रव्य म्हणजे पाण्यात न विरघळणारे पीव्हीपीपी, म्हणजे पॉलिव्हिनिलपॉलिपायरोलिडोन. फिनॉलचे हायड्रॉक्सिल गट त्याला हायड्रोजन बंधाने चिकटतात आणि सेंट्रिफ्यूज केल्यावर त्याच्याबरोबर तळाशी जातात. दर १०० मिलिलिटर बफरला १ ते २ ग्रॅम इतक्या प्रमाणापासून सुरुवात करावी, जून पाने किंवा टॅनिनयुक्त साली असतील तर प्रमाण वाढवावे, आणि पावडर आदल्या दिवशी बफरमध्ये भिजत ठेवावी. हा बंध फिनॉल आयनित नसतानाच नीट जुळतो, त्यामुळे पीएच ७ च्या वर नेण्याचा मोह टाळावा. याच पदार्थाचा विरघळणारा प्रकार, पीव्हीपी, कामाचा असला तरी तो द्रावणातच राहतो आणि पुढे २८० नॅनोमीटरवरची प्रथिनांची मोजणी बिघडवतो. वनस्पतींच्या फिनॉलपासून विकरांचे रक्षण कसे करावे याची पद्धतशीर मांडणी लूमिस आणि बॅटाइल यांनी १९६६ मध्ये केली होती आणि तिचा गाभा आजही तसाच लागू पडतो.

दुसरा मार्ग क्षपणकांचा, म्हणजे ऑक्सिडीकरण उलटवणाऱ्या द्रव्यांचा. अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल तयार झालेल्या क्विनोनना पुन्हा फिनॉलमध्ये बदलते, मेटाबायसल्फाइट पॉलिफिनॉल ऑक्सिडेजलाच आवर घालते आणि मर्कॅप्टोइथॅनॉल किंवा डीटीटी थायॉल गटांचे रक्षण करतात. आपल्या कामात मात्र एक अडचण आहे. आपण ज्या पेरॉक्सिडेजच्या मागे आहात त्याच्या चाचणीत ग्वायकॉल या फिनॉलपासून तयार होणारा नारिंगी-तांबडा रंग मोजला जातो आणि उरलेले अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल तो रंग तयार होताच नाहीसा करते. परिणामी पहिला काही वेळ वाचन शून्यावरच राहते आणि विकर नाही असा समज होतो. म्हणून पेरॉक्सिडेजसाठी पीव्हीपीपीवर भर द्यावा, आणि क्षपणक वापरलेच तर चाचणीपूर्वी अर्क सेफाडेक्स जी-२५ सारख्या क्षार काढणाऱ्या छोट्या कॉलममधून न्यावा.

या अर्ध्या तासात आणखी दोन गोष्टी बिघडतात आणि त्यांकडे सहसा दुर्लक्ष होते. पहिली म्हणजे आम्लता. रिक्तिकेतील रसाचा पीएच बहुधा ५ ते ५.५ असतो, आंबट फळांत तर तो त्याहून बराच खाली असतो. १० किंवा २० मिलिमोलर बफर या आम्लापुढे टिकत नाही. वाटण्यासाठी ५० ते १०० मिलिमोलर बफर घ्यावा आणि वाटून झाल्यावर पीएच पुन्हा मोजावा. बाटलीवर ७ लिहिलेले असते आणि वाटलेल्या लगद्यात ५.८ निघतो, हे नित्याचे आहे. दुसरी गोष्ट म्हणजे प्रथिनभंजक विकरे. तीही रिक्तिकेतूनच सुटतात. पीएमएसएफ हे त्यांना रोखणारे द्रव्य पाण्यात काही तासही टिकत नाही, त्यामुळे ते आयसोप्रोपॅनॉलमध्ये विरघळवून वाटण्याच्या अगदी आधी घालावे. रोधके निवडताना आपल्या विकराचा स्वभाव विसरू नये. पपईतील पपेनसारख्या सिस्टीन प्रोटिएजच्या (सिस्टीनच्या आधारे प्रथिने तोडणाऱ्या विकराच्या) शुद्धीकरणात त्याच वर्गाचे रोधक असलेले ई-६४ घातले तर आपण आपल्याच विकराचा नाश करतो आणि कॅल्शियमवर अवलंबून असणाऱ्या अल्फा-अमायलेजच्या अर्कात कॅल्शियम पकडून ठेवणारे ईडीटीए घालणे तितकेच घातक आहे.

एवढे करूनही रस काळवंडत असेल तर अ‍ॅसिटोन पावडरचा मार्ग धरावा. उणे २० अंश सेल्सिअसला थंड केलेल्या अ‍ॅसिटोनमध्ये ऊती वाटून गाळावी, गाळलेले अ‍ॅसिटोन रंगहीन होईपर्यंत चोथा थंड अ‍ॅसिटोनने धुवावा आणि मग तो वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटात (फ्यूम हूडमध्ये) वाळवावा. मेदद्रव्ये, हरितद्रव्य आणि बरेचसे फिनॉल अ‍ॅसिटोनबरोबर निघून जातात आणि मागे राहिलेली पांढरट पावडर उणे २० अंशांवर कित्येक महिने टिकते. काही विकरांना अ‍ॅसिटोन मानवत नाही, म्हणून आधी ५ ग्रॅम ऊतीवर करून पाहावे. ठिणगी पडू शकेल असा साधा मिक्सर या कामाला कदापि वापरू नये.

प्रश्न : लगेच वेळ नसेल तर पाने किंवा फळाचा गर फ्रीजरमध्ये ठेवून नंतर वापरला तर चालेल का?

उत्तर : साध्या फ्रीजरमध्ये सावकाश गोठवल्यास बर्फाचे मोठे स्फटिक पेशी फोडतात आणि वितळताना, संरक्षक बफर नसतानाच, वर सांगितलेली सगळी प्रक्रिया घडून येते. द्रवरूप नायट्रोजनमध्ये, म्हणजे उणे १९६ अंशांवर, झटकन गोठवून उणे ८० अंशांवर ठेवलेली ऊती चालते. मात्र ती वितळू न देता गोठलेल्या अवस्थेतच कुटून तिची पूड थेट थंड बफरमध्ये टाकावी.

प्रश्न : अमोनियम सल्फेटची किती टक्के संपृक्तता घ्यावी? वेगवेगळ्या शोधनिबंधांत एकाच विकरासाठी वेगवेगळे आकडे दिसतात.

उत्तर : अमोनियम सल्फेट हा क्षार वाढवत नेला की वेगवेगळी प्रथिने वेगवेगळ्या टप्प्यांवर खाली बसतात. ते आकडे वेगवेगळे असणारच. प्रथिन कोणत्या संपृक्ततेला खाली बसेल हे त्या प्रथिनावर अवलंबून असते, तसेच द्रावणातील त्याच्या प्रमाणावर, पीएचवर, तापमानावर आणि सोबतच्या इतर प्रथिनांवरही अवलंबून असते. म्हणून दुसऱ्याचा आकडा उचलण्याऐवजी एक दिवस चाचणीसाठी द्यावा. अर्काचे १० मिलिलिटरचे सहा भाग घेऊन त्यांत २० पासून ७० टक्क्यांपर्यंत दहा-दहाच्या टप्प्याने क्षार विरघळवावा, सेंट्रिफ्यूज करावे आणि प्रत्येक नळीतील निवळ द्रावण व साका या दोहोंतील क्रियाशीलता मोजावी. ज्या टक्केवारीला निवळ द्रावणातील क्रियाशीलता उतरू लागते ती आपली खालची मर्यादा आणि जिथे ती जवळजवळ संपते ती वरची. खालच्या मर्यादेपर्यंतचा साका टाकून द्यायचा, दोन मर्यादांमधला ठेवायचा. अर्क फार पातळ असेल, म्हणजे प्रथिन मिलिलिटरला १ मिलिग्रॅमपेक्षाही कमी असेल, तर साका नीट बसत नाही, म्हणून मुळातच बफर बेताने घ्यावा. दर ग्रॅम ऊतीला २ ते ४ मिलिलिटर बफर पुरतो.

तापमानाचा मुद्दा इथे महत्त्वाचा आहे, कारण त्यातली चूक सहज लक्षात येत नाही. एक लिटर द्रावण शून्यावरून ६० टक्के संपृक्त करायला ० अंश सेल्सिअसला ३६१ ग्रॅम अमोनियम सल्फेट लागते, २५ अंशांना ३९० ग्रॅम. बर्फात काम करताना २५ अंशांचे कोष्टक वापरले तर प्रत्यक्षात ६४ टक्क्यांच्या आसपासची संपृक्तता होते आणि निवडलेली सीमा सरकते. क्षार बारीक कुटून, चिमटीचिमटीने आणि फेस न आणता ढवळत घालावा, कारण फेसाच्या पृष्ठभागावर प्रथिने उलगडून निकामी होतात. क्षार घातल्याने द्रावण किंचित आम्लधर्मी होते, तेव्हा अधूनमधून पीएच तपासावा. सर्व क्षार विरघळल्यानंतर निदान अर्धा तास थांबून मगच सेंट्रिफ्यूज करावे.

साका थोड्या बफरमध्ये विरघळवून डायलिसिसच्या, म्हणजे फक्त लहान रेणू आरपार जाऊ देणाऱ्या पडद्याच्या, पिशवीत भरताना पिशवीचा एक तृतीयांश भाग रिकामा ठेवावा. आतल्या क्षारामुळे बाहेरचे पाणी आत ओढले जाते आणि गच्च भरलेली पिशवी फुटते. क्षार निघून गेला की नाही हे ओळखायला बाहेरच्या बफरचे थोडे द्रावण घेऊन ते हायड्रोक्लोरिक आम्लाने आम्लधर्मी करावे आणि त्यात बेरियम क्लोराइडचे थेंब टाकावेत. पांढरा गढूळपणा आला तर सल्फेट अजून आहे. आम्ल आधी घालण्याचे कारण असे की फॉस्फेट बफर असेल तर त्याचाही बेरियमबरोबर पांढरा साका होतो आणि आपली दिशाभूल होते, आम्लात तो साका होत नाही.

प्रश्न : मुळ्यातील पेरॉक्सिडेजच्या शुद्धीकरणात कच्च्या अर्काचे २०० मिलिलिटर मिळाले, त्यात मिलिलिटरला ३ मिलिग्रॅम प्रथिन आणि १० एकके क्रियाशीलता होती. अमोनियम सल्फेट आणि डायलिसिसनंतर २० मिलिलिटर मिळाले, त्यात मिलिलिटरला ९ मिलिग्रॅम प्रथिन आणि १४० एकके आहेत. उत्पन्न १४० टक्के येते. मार्गदर्शकांच्या मते मोजणी चुकली आहे. खरेच चुकली आहे का?

उत्तर : आकडे आधी मांडून पाहू. कच्च्या अर्कात एकूण प्रथिन ६०० मिलिग्रॅम आणि एकूण क्रियाशीलता २,००० एकके, म्हणजे विशिष्ट क्रियाशीलता मिलिग्रॅममागे ३.३ एकके. दुसऱ्या पायरीनंतर एकूण प्रथिन १८० मिलिग्रॅम, एकूण क्रियाशीलता २,८०० एकके आणि विशिष्ट क्रियाशीलता १५.६. शुद्धी ४.७ पट. या पायरीला शुद्धीचा हा आकडा अविश्वसनीय नाही. उत्पन्नाचा आकडा शंभराच्या वर गेला आहे खरा, पण याचा अर्थ मोजणी चुकलीच असा होत नाही. वनस्पतींच्या अर्कात असे वरचेवर घडते आणि त्याचे कारण शोधणे हे शुद्धीकरणाइतकेच मोलाचे काम आहे.

पहिला संशय कच्च्या अर्कातील रोधकांवर. अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल आणि लहान फिनॉल रेणू पेरॉक्सिडेजचे वाचन खाली खेचतात. डायलिसिसमध्ये ते निघून जातात आणि विकराची खरी क्रियाशीलता उघडी पडते. याची परीक्षा सोपी आहे. कच्च्या अर्काचा थोडा भाग उकळत्या पाण्यात १० मिनिटे ठेवून गाळून घ्यावा, म्हणजे त्यातले विकर मरेल पण उष्णतेला टिकणारे लहान रेणू बहुतांशी राहतील. हा उकळलेला अर्क आपल्या डायलिसिस केलेल्या विकराच्या ठरावीक एककांत मिसळावा. दुसऱ्या क्युव्हेटमध्ये तेवढेच विकर आणि अर्काऐवजी बफर घ्यावा. पहिल्यात वाचन कमी आले तर १४० टक्क्यांचा उलगडा झाला. अशा वेळी कोष्टकातील पहिल्या ओळीचा आधारच बदलावा आणि कच्च्या अर्काऐवजी जी-२५ मधून काढलेल्या अर्काला १०० टक्के धरावे.

दुसरा संशय चाचणीच्या सरळ रेषेवर. कच्च्या अर्काचा जास्त भाग घातल्यास हायड्रोजन पेरॉक्साइड काही सेकंदांत संपते आणि मिनिटाभराच्या सरासरीत वेग प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. विकर निम्मे केल्यावर वेगही निम्मा झाला पाहिजे, तसा होत नसेल तर आपण रेषेच्या बाहेर आहात. पेरॉक्साइडची बाटली जुनी असेल तर तिच्यावरील टक्केवारीवर विसंबू नये. २४० नॅनोमीटरवर त्याचा मोलर शोषणांक ४३.६ धरतात, म्हणजे १० मिलिमोलर द्रावणाचे शोषण १ सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये ०.४४ च्या जवळ आले पाहिजे.

तिसरी गोष्ट प्रथिनांच्या मोजणीची. तिचा उत्पन्नाशी संबंध नसला तरी विशिष्ट क्रियाशीलतेशी आहे. आपण लोरी पद्धत वापरल्याचे पत्रात लिहिले आहे. या पद्धतीतील फोलिन अभिकारक फिनॉलशीच अभिक्रिया करतो, त्यामुळे वनस्पतींच्या कच्च्या अर्कात प्रथिन वाजवीपेक्षा जास्त दिसते आणि पुढे शुद्धीचे ‘पट’ फुगतात. ब्रॅडफर्ड यांची १९७६ ची रंगद्रव्य पद्धत, ज्यात ५९५ नॅनोमीटरवर मोजणी होते, अशा अर्काला पुष्कळच बरी. डिटर्जंट असेल तर तीही बिघडते. सर्वांत उत्तम म्हणजे ट्रायक्लोरोअ‍ॅसिटिक आम्लाने प्रथिन खाली बसवून, धुऊन, मग मोजावे.

आणखी एक सूचना, जी पेरॉक्सिडेजवर काम करणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावी. ४७० नॅनोमीटरसाठी २६.६ प्रति मिलिमोलर प्रति सेंटिमीटर हा जो अंक वापरतात तो टेट्राग्वायकॉलचा आहे आणि त्याच्या एका रेणूसाठी हायड्रोजन पेरॉक्साइडचे चार रेणू खर्ची पडतात. एकक पेरॉक्साइडवर बेतले आहे की तयार झालेल्या रंगावर, हे लिहिले नाही तर दोन प्रयोगशाळांच्या आकड्यांत चौपट फरक पडू शकतो आणि त्यात कुणाचेच काम वाईट नसते.

प्रश्न : पपईच्या चिकापासून पपेन शुद्ध करायचे आहे. आयन-विनिमय, जेल गाळणी आणि आकर्षण (अ‍ॅफिनिटी) कॉलम यांचा क्रम कसा लावावा?

उत्तर : क्रमाचे सर्वसाधारण तत्त्व असे की जी पायरी मोठे आकारमान आणि मळकट द्रावण सहन करू शकते ती आधी यावी. आयन-विनिमय कॉलममध्ये प्रथिन विद्युत प्रभारामुळे धरून ठेवले जाते, म्हणून अर्धा लिटर अर्कही त्यातून सोडता येतो आणि विकर थोड्या आकारमानात गोळा होते. जेल गाळणीत मात्र काहीच धरले जात नाही, रेणू केवळ आकारानुसार मागेपुढे होतात. तिथे नमुना कॉलमच्या आकारमानाच्या २ ते ५ टक्क्यांहून जास्त घालून चालत नाही, त्यामुळे ती शेवटी येते. अमोनियम सल्फेटच्या साक्यातून थेट आयन-विनिमयाकडे जायचे असेल तर मध्ये डायलिसिस लागतेच, कारण उरलेला क्षार प्रथिनाला कॉलमला चिकटू देत नाही. याउलट फेनिल गट असलेल्या जलविरोधी कॉलमला तोच क्षार हवा असतो आणि विरघळवलेला साका थेट चढवता येतो. ही सोय असूनही तिचा वापर व्हावा तेवढा होत नाही.

पपेनच्या बाबतीत हे तत्त्व थोडे वाकवावे लागते. कच्च्या फळावर उथळ चिरे पाडून गोळा केलेल्या चिकात फिनॉल आणि हरितद्रव्याची डोकेदुखी नसते. अडचण वेगळीच आहे. तिथे पपेनबरोबर कायमोपपेन, कॅरिकेन आणि ग्लायसिल एंडोपेप्टिडेज अशी सख्खी भावंडे असतात. सगळी सिस्टीन प्रोटिएज, आकाराने जवळपास सारखी, सुमारे २३ ते २४ किलोडाल्टनची (हे रेणूच्या वजनाचे एकक), आणि सगळी आम्लारिधर्मी. आकाराने वेगळी होणार नाहीत, म्हणून जेल गाळणीवर वेळ घालवण्यात अर्थ नाही. डीईएई हा धन प्रभाराचा कॉलमही उपयोगाचा नाही, कारण तो ऋण प्रभाराची प्रथिने धरतो आणि पपेनचा समविद्युत बिंदू (ज्या पीएचला त्याच्यावरील एकूण प्रभार शून्य असतो तो) ८.७५ च्या आसपास असल्याने उदासीन पीएचला त्याच्यावर धन प्रभार असतो. सीएम किंवा एसपी प्रकारचा, ऋण प्रभाराचा कॉलम घ्यावा आणि क्षाराचे प्रमाण अतिशय सावकाश वाढवत न्यावे. या कुटुंबात पपेन सर्वांत कमी आम्लारिधर्मी असल्यामुळे ते आधी सुटते आणि कायमोपपेन व कॅरिकेन मागून येतात.

तरीही हाती आलेल्या पपेनचा बराच भाग निष्क्रिय असतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. पपेनच्या साखळीत २१२ अमिनो आम्ले असून त्यांत सात सिस्टीन आहेत. सहा जण तीन डायसल्फाइड पुलांत गुंतलेले असतात आणि २५ व्या स्थानावरचा सातवा मोकळा असतो. सगळे काम तोच करतो. चीक वाळताना तो ऑक्सिडीकृत झाला तर रेणू दिसायला हुबेहूब राहतो, पण काम करत नाही. ऑक्सिडीकरण सौम्य असेल तर सिस्टीन व ईडीटीए घातल्यावर तो पूर्ववत होतो, पुढे गेलेले असेल तर होत नाही. कामाचे आणि निकामी रेणू वेगळे करण्यासाठी सहसंयुज क्रोमॅटोग्राफी ही अतिशय देखणी पद्धत आहे. ब्रॉकलहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये वाळलेल्या चिकापासून पूर्णपणे सक्रिय पपेन मिळवण्यासाठीच ती मांडली. कॉलमच्या दाण्यांवर पिरिडिल डायसल्फाइड गट असतात, जिवंत थायॉल असलेलाच रेणू त्यांच्याशी डायसल्फाइड बंध जोडतो, बाकी सर्व धुऊन निघते आणि मग सिस्टीनच्या द्रावणाने पपेन सोडवून घेता येते. सोडवण्यासाठी वापरलेले सिस्टीन काढून टाकल्यावर एलमन अभिकारकाने ४१२ नॅनोमीटरवर थायॉल मोजावे. रेणूमागे एकाच्या जवळ उत्तर आले तर आपले पपेन खऱ्या अर्थाने शुद्ध आहे.

पानांवर काम करणाऱ्या वाचकांसाठी याच संदर्भात एक वाक्य जोडतो. पानातील विरघळणाऱ्या प्रथिनांपैकी जवळपास निम्मा वाटा एकट्या रुबिस्कोचा, म्हणजे प्रकाशसंश्लेषणात कार्बन डायऑक्साइड बांधणाऱ्या विकराचा, असू शकतो. तो सुमारे ५५० किलोडाल्टनचा प्रचंड रेणू असल्यामुळे आपले विकर ५० ते १०० किलोडाल्टनचे असेल तर जेल गाळणीतून तो लगेच वेगळा होतो, पण आयन-विनिमय कॉलमची जागा तोच आधी अडवून बसतो. म्हणून अमोनियम सल्फेटच्या खालच्या मर्यादेतच त्याचा मोठा भाग घालवता येतो का, हे पाहावे.

प्रश्न : एसडीएस जेलवर (प्रथिने उलगडून आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर) एकच पट्टा दिसला. विकर शुद्ध झाले असे म्हणता येईल का?

उत्तर : केवळ तेवढ्यावरून म्हणता येणार नाही. कोमासी रंगाने साधारण ५० नॅनोग्रॅमपेक्षा कमी प्रथिन सहसा उठून दिसत नाही, म्हणून जेलवर भरपूर नमुना घालून आणि चांदीच्या रंगाने पुन्हा पाहावे. वनस्पतींमध्ये एकाच विकराची अनेक समविकरे (तेच काम करणारी थोडी वेगळी रूपे) असतात आणि त्यांचा आकार सारखा असल्याने एका पट्ट्यात ती सुखाने लपतात. त्यांना समविद्युत केंद्रणाने, म्हणजे समविद्युत बिंदूनुसार वेगळे करून, उघडे पाडावे लागते. उलट बाजूने, पेरॉक्सिडेजसारख्या साखरयुक्त प्रथिनाचा पट्टा पसरट येतो आणि तो अशुद्धीचा पुरावा ठरत नाही. पेरॉक्सिडेजच्या बाबतीत आणखी एक सोपा मापदंड हाताशी आहे. त्यातील हीम हा लोहयुक्त गट ४०३ नॅनोमीटरवर प्रकाश शोषतो आणि प्रथिन २८० च्या आसपास. हॉर्सरॅडिश या तिखट मुळाच्या वनस्पतीच्या शुद्ध पेरॉक्सिडेजमध्ये या दोन शोषणांचे गुणोत्तर ३ किंवा त्याहून अधिक भरते.

सर्वांत समाधानकारक पुरावा मात्र विकर स्वतःच देते. नमुना न उकळता आणि एसडीएसशिवाय जेलवर चालवावा, जेलचे दोन उभे भाग करावेत, एक प्रथिनासाठी रंगवावा आणि दुसरा ग्वायकॉल व हायड्रोजन पेरॉक्साइडच्या द्रावणात बुडवावा. दोन्ही पट्टे एकाच उंचीवर आले तर आपण शुद्ध केलेले प्रथिन आणि काम करणारे विकर एकच आहेत, असे म्हणायला आधार मिळतो. एखाद्या शोधनिबंधात हा जोडजेल नसेल तर शुद्धतेचा दावा आम्ही सावधपणेच वाचतो.

प्रश्न : विकर हे प्रथिन असते, हे वनस्पतीतील विकरामुळे सिद्ध झाले असे वाचले. विद्यार्थ्यांना सांगण्यासाठी थोडी माहिती द्यावी.

उत्तर : ते विकर म्हणजे युरिएज आणि वनस्पती म्हणजे जॅक बीन ही शेंगवर्गीय वेल. पायेन आणि पर्सो यांनी १८३३ मध्येच मोड आलेल्या बार्लीच्या अर्कात अल्कोहोल घालून डायास्टेज खाली बसवले होते, पण अशा पदार्थांचे स्वरूप काय हे पुढची नव्वद वर्षे वादात होते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जेम्स समनर यांनी १९१७ मध्ये जॅक बीनच्या पिठावर काम सुरू केले. किशोरवयातील शिकारीच्या अपघातात त्यांचा डावा हात गेला होता आणि प्रयोगशाळेतील सगळे काम ते एका हाताने करत. १९२६ मध्ये त्यांनी पीठ ३१.६ टक्के अ‍ॅसिटोनमध्ये ढवळले, गाळलेले द्रावण रात्रभर थंडीत ठेवले आणि सकाळी त्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यात लहान अष्टफलकी स्फटिक होते. ते पाण्यात विरघळवले असता युरियाचे विघटन जोरात झाले आणि प्रथिनाच्या सर्व चाचण्याही मिळाल्या.

त्यावर सहज कोणी विश्वास ठेवला नाही. वनस्पतींतील रंगद्रव्यांच्या कामासाठी १९१५ चे नोबेल मिळालेले रिशार्ट विल्श्टेटर यांनी हॉर्सरॅडिशचे पेरॉक्सिडेज इतके शुद्ध केले होते की त्यात प्रथिनाची चाचणी येत नव्हती आणि तरी क्रियाशीलता होती, म्हणून विकर प्रथिन नसते असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांचे शुद्धीकरण उत्तमच होते. विकर इतक्या अल्प प्रमाणात काम करते की त्या प्रमाणातील प्रथिन ओळखण्याची ताकद त्या काळच्या रंगचाचण्यांत नव्हती, एवढीच मेख होती. १९३० मध्ये नॉर्थ्रप यांनी पेप्सिनचे स्फटिक मिळवल्यावर वादाचा रोख बदलला आणि १९४६ चे रसायनशास्त्राचे नोबेल समनर, नॉर्थ्रप आणि स्टॅन्ली यांना मिळाले. विद्यार्थ्यांना हेही जरूर सांगावे की समनर यांनी त्याच बियांतून कॉन्कॅनव्हॅलिन-ए हे प्रथिनही वेगळे केले होते. मॅनोज आणि ग्लुकोज ओळखणारे हे प्रथिन आज कॉलमच्या दाण्यांवर बसवून साखरयुक्त विकरे, अगदी विल्श्टेटर यांचे पेरॉक्सिडेजसुद्धा, शुद्ध करण्यासाठी वापरले जाते. मिथिल मॅनोसाइडचे द्रावण सोडले की अडकलेले विकर अलगद सुटते.

प्रश्न : शुद्ध केलेले विकर आठवड्याभरात निष्क्रिय होते. कच्चा अर्क मात्र महिनाभर टिकला होता. साठवण कशी करावी?

उत्तर : कच्च्या अर्कात भरपूर इतर प्रथिने असतात आणि ती नळीच्या भिंतीला चिकटणे, हवेच्या संपर्कात उलगडणे असे मार आपल्या विकराऐवजी स्वतःवर घेतात. शुद्ध आणि पातळ विकराला हा आडोसा नसतो. म्हणून प्रथम ते घट्ट करावे, निदान मिलिलिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत. त्यानंतर दोन मार्ग आहेत. एक म्हणजे ३.२ मोलर अमोनियम सल्फेटमध्ये साक्याच्याच रूपात ४ अंशांवर ठेवणे. हे द्रावण कधीही गोठवू नये. दुसरा मार्ग म्हणजे ५० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे २० अंशांवर ठेवणे, तिथे ते द्रवच राहते आणि हवे तेवढे काढून घेता येते. उणे ८० अंशांवर ठेवायचे असेल तर एकेका प्रयोगाला पुरेल इतके लहान भाग करून द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवावेत आणि वितळलेला भाग पुन्हा गोठवू नये. अल्फा-अमायलेज असेल तर बफरमध्ये १ ते ५ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड ठेवावे आणि फॉस्फेट बफर टाळावा, कारण फॉस्फेट कॅल्शियमला बांधून ठेवते. पपेन असेल तर थायॉल गट टेट्राथायोनेटने तात्पुरता झाकून ठेवावा आणि वापरण्यापूर्वी सिस्टीनने मोकळा करावा. कोणताही मार्ग निवडला तरी पहिल्याच दिवशी तीन-चार प्रकारे लहान नमुने ठेवून दर आठवड्याला त्यांची क्रियाशीलता मोजत जावे. आपल्या विकराला काय मानवते, ते महिन्याभरात त्या नोंदींवरूनच समजेल.